हत्तीच्या पायाशी वाजणारी हार्प

भाज्याच्या लेण्यांचा विषय निघाला की मोबाइलवर हमखास एक छायाचित्र पुढे येते. पुढ्यात चर्मवाद्ये घेऊन बसलेली एक बाई आणि खाली ओळ, ‘बावीसशे वर्षांपूर्वीचा तबला’. तबला अमीर खुसरोने काढला की नाही, हा वाद या एका चित्राने निकालात निघाला, असे पाठवणाऱ्याला मनापासून वाटत असते. त्या वाद्यांना नाट्यशास्त्रातल्याप्रमाणे पुष्कर म्हणावे की ओढूनताणून तबला, यावर मला भांडायचे नाही. माझी तक्रार वेगळी आहे. त्याच विहाराच्या ओसरीत हत्तीवर बसलेला एक प्रचंड पुरुष कोरला आहे. त्याच्या हत्तीच्या पायाशी एक छोटा दरबार आहे. वेताच्या आसनावर राजा, समोर नाचणारी स्त्री आणि तिच्या साथीला कमानीसारखी वाकलेली दांडी आणि ताणलेल्या तारा असलेले वाद्य. ते वाद्य म्हणजे हार्प. तिचे छायाचित्र कुणी कुणाला पाठवत नाही.

आमच्या शिरगावहून भाजे काही लांब नाही. बेगडेवाडीला लोणावळा लोकल धरायची. घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत मागे टाकून मळवलीला उतरायचे आणि चढण चढायची. शिरगावात बाहेरून येणारी माणसे प्रतिशिर्डीचे दर्शन घेतात आणि परत महामार्गाला लागतात. लेण्यांकडे वळणारे थोडे, आणि वळणाऱ्यांतही हार्पपुढे थांबणारे फारच थोडे. मी तिच्यापुढे थांबलो तो एका जपानी बाईमुळे.

तोमोको सुगावारा मूळच्या टोकियोच्या, राहतात न्यूयॉर्कला. पाश्चात्त्य पद्धतीची मोठी हार्प वाजवण्याचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले आणि मग त्या एका मेलेल्या वाद्याच्या नादी लागल्या. कुगो हे त्याचे नाव. कोनात जोडलेली, उभी धरायची ही हार्प जपानी दरबारात बाराशे वर्षांपूर्वी वाजत असे आणि नंतर जपानमधून पुरती नाहीशी झाली. बिल कॅम्पबेल या अमेरिकी कारागिराने जुन्या अवशेषांच्या आणि चित्रांच्या आधारे तिची प्रतिकृती घडवली. सुगावारा ती घेऊन जगभर कार्यक्रम करू लागल्या आणि २०१० मध्ये ‘अलाँग द सिल्क रोड’ हा त्यांचा ध्वनिसंग्रह निघाला. रेशीममार्गाच्या निरनिराळ्या टोकांवरच्या जुन्या चाली आणि आजच्या संगीतकारांच्या रचना त्यात आहेत. या उद्योगातले त्यांचे जाणकार साथीदार बो लाउअरग्रेन हे न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजातले भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. या भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. त्याचा विषय जातककथेचे एक शिल्प आणि त्या कथेत वीणा वाजवणारा बोधिसत्त्व. तो वाचल्यावर माझा रस्ता जपानहून थेट मावळात आला.

*

आधी भाज्याच्या शिल्पांवरून चाललेल्या भांडणाबद्दल. ओसरीच्या टोकाला एका दाराच्या दोन्ही बाजूंना दोन शिल्पे आहेत. एकीकडे चार घोड्यांच्या रथात दोन स्त्रियांसह निघालेला पुरुष, दुसरीकडे झाड उपटून सोंडेत धरलेला हत्ती आणि त्यावरचा स्वार. पाहताक्षणी कुणीही म्हणेल, सूर्य आणि इंद्र. बरीच वर्षे सगळे तसेच म्हणत आले. १९३९ मध्ये ई. एच. जॉन्स्टन यांनी शंका काढली की बौद्ध भिक्षूंच्या विहारात वैदिक देवांचे काय काम, हे बौद्ध कथेतलेच प्रसंग असले पाहिजेत. पुढे मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नियतकालिकात आर. जी. ग्यानी यांनी शिल्पांतला हा राजा मांधाता असल्याचे मांडले. दिव्यावदानातला हा चक्रवर्ती पृथ्वीवरची द्वीपे जिंकत जिंकत स्वर्गापर्यंत जातो, इंद्राच्या अर्ध्या आसनावर बसतो, आणि उरलेले अर्धेही हवे म्हणतो तेव्हा खाली कोसळतो.

मला ग्यानींचे म्हणणे पटते. दागिने लगडलेली झाडे, खाली चाललेला नाच, आकाशातून जाणाऱ्या स्वाऱ्या हे सगळे एका सलग कथेचे तुकडे वाटतात, दोन सुट्या देवांच्या मूर्ती वाटत नाहीत. पण हार्पच्या दृष्टीने या वादाचा निकाल कसाही लागला तरी चालेल, कारण दोन्ही पक्षांत इंद्र आहेच. आणि बौद्ध वाङ्मयात जिथे इंद्र येतो तिथे वीणा फार लांब नसते.

दीघनिकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात इंद्राला बुद्धाला प्रश्न विचारायचे आहेत. बुद्ध इंद्रशाल गुहेत ध्यानात बसलेले. त्यांना हाक मारण्याचा धीर इंद्राला होत नाही, म्हणून तो पंचशिख गंधर्वाला पुढे पाठवतो. पंचशिख बेलाच्या लाकडाची पिवळसर वीणा काढतो आणि गुहेजवळ चक्क प्रेमगीत गातो. ज्या गंधर्वकन्येवर त्याचा जीव जडला आहे तिचे आणि बुद्धाचे गुणगान त्याने त्यात एकत्र गुंफले आहे. बुद्ध रागावत नाहीत. तुझ्या तारांचा सूर तुझ्या गळ्याशी जुळतो आणि गळ्याचा तारांशी, असे कौतुक करतात. लेणे, आत ध्यानस्थ भिक्षू, बाहेर तंतुवाद्य घेतलेला गायक ही जुळणी मावळात उभे राहून वाचली की नवी वाटत नाही.

दुसरी कथा गुत्तिल जातकाची, क्रमांक २४३. बनारसचा गुत्तिल हा वीणावादकांचा मुकुटमणी. उज्जैनचा मूसिल त्याचा शिष्य होतो, सगळी विद्या घेतो, राजाकडे चाकरी मागतो आणि पगार गुरूइतकाच पाहिजे म्हणून हटून बसतो. शेवटी सातव्या दिवशी दोघांची जुगलबंदी ठरते. गुत्तिल म्हातारा झालेला. तरुण शिष्यापुढे फजिती होणार या भीतीने तो रानात येरझाऱ्या घालतो. तिथे इंद्र भेटतो आणि युक्ती सांगतो, वाजवता वाजवता एकेक तार तोडत जा. गुत्तिल पहिली तार तोडतो, तरी सूर येतो. मूसिल आपली तोडतो, त्याचा सूर जातो. दुसरी, तिसरी, असे करत साती तारा तुटतात. गुत्तिलच्या वीणेचे नुसते लाकूड वाजत राहते आणि बनारस नगरी त्या नादाने भरून जाते. खवळलेला जमाव मूसिलला जागीच ठार करतो. जातककथा अशा वेळी मुळीच मवाळ नसतात.

ही कथा पडद्यांच्या वीणेवर सांगून पाहा, तिची धार जाते. सतारीची एक तार तुटली तरी उरलेल्या एका तारेवर पडदे दाबून साती स्वर काढता येतात. हार्पचे तसे नाही. तिथे एका तारेला एकच स्वर, तार गेली की स्वर गेला. साती तारा तोडणे म्हणजे सप्तकच मोडून टाकणे. कथा रचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हार्पच होती, म्हणून तर चमत्काराला एवढे वजन आले.

*

आपल्या जुन्या ग्रंथांतली वीणा ही बव्हंशी हार्प होती, हे आनंद कुमारस्वामींनी १९३० च्या निबंधात वीणेच्या एकेका अवयवाचा छडा लावून मांडले. मिलिंदपञ्हातली यादीच त्यांनी घेतली. दोणी म्हणजे नावेच्या आकाराचे पोट, त्यावर मढवलेले चामडे, दांडी, तारा आणि कोण म्हणजे वाजवायची काडी. पुण्यातून ग. ह. तारळेकर आणि नलिनी तारळेकर यांनी १९७२ मध्ये भारतीय शिल्पांतल्या वाद्यांवर पुस्तक काढले. नाट्यशास्त्राचा अभ्यास करून शिल्पे बघणारी ही माणसे असल्याने वाद्य ओळखताना त्यांचा पाय सहसा घसरत नाही. नाट्यशास्त्रात बोटांनी वाजवायची सात तारांची चित्रा आहे, कोणाने वाजवायची नऊ तारांची विपंची आहे. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा मांडीवर घेऊन वाजवतो ती हार्पच. ग्वाल्हेरजवळच्या पवायाच्या गुप्तकालीन शिल्पपट्टीत नर्तकीभोवतीच्या वादकांत हार्प आहे आणि शेजारी ल्यूटच्या जातीचे वाद्यही आहे. दोघी एकाच मैफलीत बसल्या आहेत. थोड्याच शतकांत एकीला उठावे लागले.

का उठावे लागले, याचे उत्तर संगीतातच आहे. आपल्या रागसंगीताचा जीव स्वरांच्या मधल्या जागेत आहे, मींडेत, गमकेत, आंदोलनात. हार्पच्या दोन तारांमध्ये ती जागाच नाही. पडद्यांच्या वाद्यावर तार ओढता येते, दांडीवर बोट सरकवता येते. गाण्याची चव बदलली तशी दरबाराने हार्प टाकली आणि तिचे नाव नव्या वाद्यांना दिले. दक्षिणेत याळ या तमिळ हार्पचेही तेच झाले. स्वामी विपुलानंदांनी १९४७ मध्ये ‘याळ नूल’ लिहून तिचे गणित पुन्हा मांडले, तोवर ती वाजवणारा कुणी उरला नव्हता.

ब्रह्मदेशात मात्र ती टिकली. तिथली सौंग गौक म्हणजे भाज्याच्या हार्पची थेट भाऊबंद. नावेसारखे पोट, हरणाचे कातडे, डौलाने वळलेली दांडी, आज सोळा तारा. तिथल्या वादकांनी डाव्या अंगठ्याने तार दाबून सूर चढवण्याची युक्ती काढली, म्हणजे जे आपल्याला अशक्य वाटले ते त्यांनी साधले. इसवी सन ८०२ मध्ये तिथल्या प्यू राज्याचे वादकपथक चीनच्या तांग दरबारात गेले तेव्हा पक्ष्याच्या डोक्याची हार्प बरोबर घेऊन गेले होते. शिरगावच्या माणसाला ब्रह्मदेश परका नाही. जवळच्या देहूरोडला बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली, ती मूर्ती रंगूनहून आलेली. मावळातून पूर्वेकडे गेलेले बरेच काही असे फिरून घरी आले. हार्प तेवढी आली नाही.

*

जपानची हकिगत मी थोडक्यात उरकतो, कारण ती पुष्कळांनी लिहिली आहे. ७३६ मध्ये बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू जपानला पोचला. त्याच्याबरोबर आजच्या व्हिएतनामच्या बाजूचा बुत्तेत्सु होता, त्याने तिथे नृत्य-संगीत शिकवले. ७५२ मध्ये नाराच्या तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाचे डोळे रेखून प्राणप्रतिष्ठा झाली, ती बोधिसेनाच्या हातून. सम्राट वारल्यावर ७५६ मध्ये सम्राज्ञी कोम्योने त्याच्या वस्तू मंदिराला अर्पण केल्या आणि त्या शोसोइन या लाकडी कोठारात गेल्या. तिथे दोन कुगोंचे अवशेष आहेत, प्रत्येकी २३ तारांच्या. पाच तारांचा, शिंपल्याच्या नक्षीचा एक बिवाही आहे, म्हणजे ल्यूटच्या जातीचे वाद्य. त्या जातीचे जगात उरलेले ते एकमेव वाद्य, आणि त्याचे मूळ भारतात असल्याचे मानले जाते. कुगो मात्र भाज्याच्या हार्पची मुलगी नव्हे. ती इराण-मेसोपोटेमियाकडच्या घराण्यातली, मध्य आशिया आणि चीनमार्गे आलेली. फार तर चुलत नाते.

मला छळणारा प्रश्न पुढचा आहे. एवढ्या मायेने सांभाळूनही कुगो मेली कशी? तिच्याबरोबर आलेला चार तारांचा बिवा मात्र हजार वर्षे वाजत कसा राहिला? बिवा आंधळ्या कथेकऱ्यांच्या हाती पडला, हे त्याचे उत्तर. हे कथेकरी म्हणजे बिवा होशी. ते गावोगाव फिरून हेइके घराण्याच्या सर्वनाशाची गाथा गात. कथा ऐकायला लोक हवे होते, कथेला साथ हवी होती, म्हणून वाद्य जगले. या परंपरेतले शेवटचे मानले गेलेले कुमामोतोचे यामाशिका योशियुकी १९९६ पर्यंत हयात होते. कोतो हे दुसरे तंतुवाद्य टिकले, त्यालाही आंधळ्या वादकांच्या संघाचा हात लागला. सतराव्या शतकात कोतोचे रूप पालटणारे यात्सुहाशी केंग्यो आंधळेच होते. पोटासाठी रोज वाजवणाऱ्यांच्या खांद्यावर जे बसले ते पुढच्या पिढीत पोचले. कुगोला सम्राटाचे कोठार मिळाले, कथेकरी मिळाला नाही. कोठाराने लाकूड राखले. आज सुगावारांना ते लाकूड आधाराला आहे, पण ती कशी वाजवायची हे सांगणारा एकही गुरू नाही. वाजवताना त्यांना परंपरेचा एकेक धागा स्वतः विणावा लागतो.

हे लक्षात आल्यावर मी भारतातली हार्प चुकीच्या ठिकाणी शोधणे बंद केले. दरबार, देवळे, वीणेची घराणी सोडून द्यायची आणि कथेकरी शोधायचे.

*

रॉडरिक नाइट हे ओबर्लिन कॉलेजात प्राध्यापक होते आणि पश्चिम आफ्रिकेतल्या कोरा या वाद्याचे अभ्यासक. कोरा हे वंशपरंपरागत कथेकऱ्यांचे, राजांच्या वंशावळी गाणाऱ्यांचे हार्पच्या जातीचे वाद्य. या माणसाने १९८५ मध्ये ‘द हार्प इन इंडिया टुडे’ हा लेख लिहिला आणि जी हार्प भारतातून संपली असे सगळे धरून चालले होते ती मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात वाजताना दाखवली. वाद्य बिन-बाजा. पाच तारा, कमानीची दांडी. वाजवणारे परधान, म्हणजे गोंडांचे कथेकरी. नाइट यांना ती दिसली यात नवल नाही. हार्प आणि कथा एका माणसाच्या हाती कशी नांदते, हे त्यांनी आफ्रिकेत आधीच पाहिले होते.

आपल्या यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडेही परधान आहेत. त्यांच्या हाती किंगरी असते. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांचे मुख्य वाद्य बाना, गजाने वाजवायचे तीन तारांचे. बिन-बाजा त्याच्या पाठची बहीण म्हणायची. बान्यात गोंडांच्या बडा देवाचा वास असतो. मूळ कथा अशी. गोंडांचे भाऊ शेतात राबत असताना पांढऱ्या घोड्यावरून बडा देव आला. भाऊ मागे धावले तसा तो साजाच्या झाडात नाहीसा झाला. सगळे हळहळत बसले. धाकट्याने लाकूड कोरून बाना केला, वाजवला आणि देव प्रसन्न झाला. थोरल्यांनी शेती करायची, धाकट्याने वाजवायचे आणि थोरल्यांनी त्याला पोसायचे, अशी वाटणी तेव्हापासून ठरली. म्हणून परधान ठरावीक वर्षांनी आपल्या गोंड यजमानाच्या दारी येतो, बाना वाजवतो, गढा-मंडल्याच्या राजांच्या गोंडवानी सांगतो, पंडवानी सांगतो आणि धान्य, कपडे, गुरे हक्काने मागून नेतो. भीक आणि हक्क यांतली रेघ इथे पुसट आहे. भाऊ म्हणायचे, पण पंगतीला दूर ठेवायचे, हाही या नात्याचा भाग आहे.

गोंडांच्या रामायणीत नायक राम नाही, लक्ष्मण आहे. तो किंगरी वाजवतो. तिचा सूर इंद्राच्या दरबारात पोचतो आणि इंद्राची मुलगी त्या सुरावर भाळून खाली येते. पंचशिख, गुत्तिल, आणि आता हा लक्ष्मण. तार छेडली की इंद्राचा दरबार हलतो, ही समजूत पाली ग्रंथांपासून मंडल्याकडच्या मैकल डोंगरापर्यंत पसरलेली दिसते. एकाने दुसऱ्याची उचलली असे मी म्हणणार नाही. पण भाज्याच्या हत्तीखालची हार्प मला त्यानंतर एकटी वाटेनाशी झाली.

*

परधानांवरचा मोठा ग्रंथ एका मराठी माणसाने लिहिला आहे, आणि मराठीत त्याचे नाव सहसा कुणी घेत नाही. शामराव हिवाळे हे ते गृहस्थ. ‘द परधान्स ऑफ द अपर नर्बदा व्हॅली’ हा त्यांचा ग्रंथ १९४६ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढला.

शामराव मराठी ख्रिस्ती. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात ते आले आणि तिथे ऑक्सफर्डहून आलेल्या व्हेरियर एल्विन या तरुण पाद्र्याशी त्यांची गाठ पडली. एल्विन गांधीजींच्या प्रभावाखाली आले, चर्चशी त्यांचे बिनसले, जमनालाल बजाजांनी त्यांचे लक्ष गोंडांकडे वळवले आणि १९३२ च्या जानेवारीत दोघे मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला जाऊन राहिले. एल्विनची पुढची कीर्ती वाचकांना ठाऊक आहे. बैगा, मुरिया, घोटुल, नेहरूंशी स्नेह, १९५४ नंतर ईशान्य सीमाप्रदेशाचे सल्लागारपद, मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार. या सगळ्यात शामराव तळटीपेत असतात. गावात औषधे देणारे शामराव, शाळा चालवणारे शामराव, एल्विन दौऱ्यावर असताना घर सांभाळणारे शामराव. एल्विनच्या ‘लीव्ह्ज फ्रॉम द जंगल’ या रोजनिशीवजा पुस्तकात ते पानोपानी हसतखेळत भेटतात. वाचणाऱ्याचे त्यांच्याकडे लक्ष जाते ते मात्र गोड स्वभावाचा सोबती म्हणून.

ही ओळख अपुरी आहे. ‘साँग्ज ऑफ द फॉरेस्ट’ (१९३५) आणि ‘फोक-साँग्ज ऑफ द मैकल हिल्स’ (१९४४) या दोन्ही गीतसंग्रहांवर एल्विनच्या जोडीला हिवाळ्यांचे नाव आहे. मग १९४६ मध्ये त्यांनी स्वतःच्या एकट्याच्या नावावर परधानांचे पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी ‘स्कॉलर जिप्सी’ हे एल्विनचे चरित्रही लिहिले. म्हणजे ज्याचे चरित्र व्हायला हवे होते त्यानेच दुसऱ्याचे चरित्र लिहून मोकळे व्हावे, असा प्रकार.

त्या पुस्तकाचे मोल कळायला आधीचे लिखाण पाहावे लागते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जाती-जमातींच्या कोशात परधान म्हणजे गोंडांची खालच्या पायरीची शाखा, भाट आणि पुजारी, मागून खाणारी. सरकारी कोशाची भाषा ती. हिवाळ्यांनी याच माणसांच्या कलेला पुस्तकभर जागा दिली. मागण्यामागची व्यवस्था, बान्याचे पावित्र्य, कथा सांगण्याचा अधिकार आणि त्या अधिकाराची मिजास, हे सगळे त्यांनी शेजारी राहून टिपले. वर्षानुवर्षे एका गावात औषध देणाऱ्या माणसाला जे सांगितले जाते ते दोन महिन्यांच्या पाहुण्याला सांगितले जात नाही.

त्या वर्षांत वातावरण तापलेले होते. मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागातून गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये एल्विनच्या भूमिकेवर कडाडून टीका केली होती. आदिवासी हे मागासलेले हिंदूच, त्यांना वेगळे राखण्याची भाषा घातक, असा त्यांचा रोख. ठक्करबाप्पाही एल्विनच्या विरोधात होते. घुर्यांच्या विद्यार्थिनी दुर्गाबाई भागवतही मध्य प्रांताच्या जंगलांत फिरल्या होत्या. या मोठ्या माणसांच्या झटापटीत एका मराठी ख्रिश्चनाने गोंडांच्या भाटांवर लिहिलेल्या पुस्तकाकडे कोण बघणार? माझे मत स्पष्ट आहे. आदिवासींना कुठल्या रकान्यात बसवायचे, यावर महाराष्ट्र भांडत राहिला, आणि आपल्यातल्याच ज्या माणसाने रकाना बाजूला ठेवून बाना ऐकला त्याला विसरला. एल्विन शिलाँगला गेले, शामराव मंडल्याकडच्या पाटणगड या गोंड-परधानांच्या गावीच राहिले. त्यांच्या निष्ठेचे यापरते प्रमाणपत्र मला नको.

*

आणि याच पाटणगडाने पुढे जपान गाठले, तेही फार कडवट रीतीने. जनगढ सिंह श्याम हा पाटणगडचा परधान. १९८१ मध्ये चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी भोपाळच्या भारत भवनासाठी कलावंत शोधायला माणसे पाठवली, त्यांना गावातल्या एका भिंतीवर मारुतीचे चित्र दिसले आणि चित्रकाराचा शोध लागला, असे सांगतात. यजमानांची आवक आटत चालली होती. ज्या कथा बान्यावर सांगायच्या त्या जनगढने कागदावर आणि कॅनव्हासवर उतरवल्या. भोपाळच्या विधान भवनाच्या भिंती त्याने रंगवल्या. १९८९ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातल्या गाजलेल्या प्रदर्शनात त्याची चित्रे लागली. त्याच्या शैलीला जनगढ कलम असे नाव पडले आणि पाटणगडचे घर न् घर चित्रकारांचे झाले.

जपानच्या निइगाता प्रांतात तोकामाचीला तोकिओ हासेगावा यांनी १९८२ मध्ये मिथिला म्युझियम स्थापन केले. हासेगावा स्वतः संगीतातले, सत्तरीच्या दशकातल्या ‘ताजमहाल ट्रॅव्हलर्स’ या वाद्यमेळातले. भारतीय लोकचित्रकार तिथे महिनोन् महिने राहून चित्रे काढत. जनगढ तिथेच असताना ३ जुलै २००१ रोजी त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. वय चाळिशीच्या आसपास. घरी परतण्याची ओढ त्याच्या पत्रांत होती. भारतातल्या कलावंतांनी चौकशीची मागणी केली, निषेध झाले.

या मृत्यूवरून मला सोपा निष्कर्ष काढायचा नाही. पण एक फरक दिसतो. परधान फिरायचा तो आपल्या यजमानांच्या गावांत. दारात त्याची वाट पाहिली जायची, त्याची कथा घरच्यांना पाठ असायची, चुकला तर टोकणारेही तिथेच असायचे. परदेशात कथा नेणारा कलावंत ही सारी माणसे मागे ठेवून जातो. सुगावारा न्यूयॉर्कमध्ये कुगो वाजवतात तेव्हा त्यांच्या बरोबर शिक्षण असते, भाषा असते, अभ्यासक मित्र असतात. परंपरा बाहेर नेणारे सगळेच एका वाटेने जात नाहीत आणि सगळ्यांना परतीची वाट सारखीच मोकळी नसते. सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या भाषणांत हे कुणी बोलत नाही.

*

मग भाज्याच्या हार्पचे काय करायचे? तिची प्रतिकृती करणे आज अवघड नाही. शिल्प समोर आहे, मिलिंदपञ्हात सुट्या भागांची यादी आहे, ब्रह्मदेशात कारागीर आहेत. करून ती काचेच्या पेटीत ठेवायची असेल तर माझा विरोध आहे. कुगोचे काय झाले ते पाहिले. ती द्यायची तर कथेकऱ्याला द्यायला हवी, आणि मावळात कथेकऱ्यांचा तोटा नाही. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणेकरी पाळीपाळीने उभे राहतात आणि सात दिवस वीणा खाली टेकू देत नाहीत. समोर कीर्तनकार आख्यान लावतो. गळ्यात वीणा आणि तोंडी कथा ही जोडी इथे अजून रोजच्या वापरात आहे. खर्चाचाही प्रश्न फार मोठा मानू नये. घोरावाडीवरच्या शेलारवाडीच्या डोंगरात एक ब्राह्मी लेख आहे. त्यातले लेण्याचे दान धेनुकाकटच्या एका शेतकऱ्याच्या बायकोने, सिअगुतणिकेने, मुलगा नंद याच्यासह दिले आहे. शेतकऱ्याच्या घरातून डोंगर कोरायला पैसे निघत होते, तर सात तारांच्या एका वाद्यापुरते आज गावकीतून निघायला हरकत नाही.

आख्यान कोणते लावायचे, हेही मी ठरवून ठेवले आहे. गुत्तिलाचे. सप्ताहाचे दिवस सात, तारा सात. कीर्तनकाराने रोज एक तार तोडावी आणि कथा तिथे थांबवावी. उद्या काय वाजते ते ऐकायला शिरगावच काय, सोमाटण्यापासून तळेगावापर्यंतची माणसे येतील.